घरी स्टुडिओ करतोय, जुना स्पूल रेकॉर्डर घेऊ का? टेपचा आवाज डिजिटलपेक्षा अस्सल असतो ना?

नका घेऊ. तो पैसा खोलीच्या अकूस्टिक्सवर आणि एका बऱ्या माइकवर घाला.

आमचे एक तबलजी मित्र आहेत. "टेपच्या जमान्यात सगळं एका दमात व्हायचं, कापाकापी नव्हती," हे त्यांचं पालुपद. कापाकापी नव्हती? अहो, ती मीच करायचो, दाढीच्या ब्लेडनं! एका भावगीताचा टेक झकास झाला होता, पण दुसऱ्या अंतऱ्यात बाईंचा सूर उतरला. आधीच्या टेकमधला अंतरा चोख होता. मग दोन्ही स्पूल हातानं हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, पुढे-मागे फिरवत समेचा 'धा' शोधला. हळू फिरवला की तो गुरगुरल्यासारखा ऐकू येतो. तिथे मेणाच्या पेन्सिलीनं खूण. सेकंदाला १५ इंच वेग, म्हणजे मध्य लयीतली एक मात्रा जवळजवळ वीतभर टेप. 'धा'च्या किंचित आधी तिरका काप द्यायचा, म्हणजे थाप सांधा गिळून टाकते. तानपुऱ्यानं मात्र छळलं. एका टेकमध्ये समेवर जोडीची तार, दुसऱ्यात खर्ज. एक आवर्तन मागे गेलो तेव्हा दोन्हीकडे खर्ज मिळाला आणि जोड बसला. त्या गाण्यात तबला याच मित्राचा. आजही पोरांना तेच गाणं ऐकवून सांगतात, बघा, याला म्हणतात एक टेक!

तर अस्सलपणाचं म्हणाल तर टेप आवाजात भर घालते. लेव्हल चढवली की आवाजाची शिखरं गोलसर होतात, तिसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा सूर) वाढतो, खर्जात थोडा फुगवटा येतो. यालाच लोक ऊब म्हणतात. कानाला गोड लागते, कबूल. पण आज ती प्लगइननं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या छोट्या सॉफ्टवेअरनं मिळते. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी कंपनी मास्टर टेपवरून महागड्या रेकॉर्डी काढते. त्यातल्या बऱ्याच रेकॉर्डींत मधे डिजिटल पायरी असते हे २०२२ साली बाहेर आलं. तोवर जाणकार त्याच रेकॉर्डींची ऊब वाखाणत होते.

२४ बिटवर रेकॉर्ड करा, शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. टेपवाल्यांसारखा काटा लाल रंगात नेऊ नका, डिजिटलमध्ये शून्याच्या वर आवाज सरळ फाटतो.

हां, एक खरं. ट्रॅक मोजके होते म्हणून लोक तालीम करून यायचे. पण त्याचं श्रेय टेपला कशाला? तुम्हीही तालीम करून या, कोण अडवतंय?

आणि घरात आजोबांचे स्पूल पडलेले असतील तर गोष्ट वेगळी. त्यांना मशीन लागेलच, पण ते विकत घेण्याऐवजी स्पूल डिजिटलवर ट्रान्सफर करणाऱ्याकडे द्या. टेप चिकट लागली तर तोवर ती वाजवून बघू नका, ऑक्साइड, म्हणजे ज्यात आवाज साठवलाय तो थर, खरवडून हेडवर येईल.