खिशात एकच प्रश्न ठेव

प्रिय,

तू पाठवलेली सागरी मालवाहतुकीच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका पाहिली. जवळजवळ प्रत्येक सत्रावर खूण केली आहेस. निम्म्या खोड. जगातला ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो, हे उद्घाटनातच दोघे-तिघे सांगतील. खरं आहे, पण तेवढ्यासाठी एवढ्या लांब जायला नको.

त्यापेक्षा रोज तुझं काम अडवणारा एक प्रश्न बरोबर ने. उदाहरणार्थ, फ्री टाइम, म्हणजे बिनशुल्क मुदत, संपला तरी रिकामा कंटेनर परत का जात नाही, डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, का लागतं? लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, माणूस म्हणेल, ग्राहक कंटेनरचं गोदाम करून ठेवतो. ट्रान्सपोर्टर म्हणेल, रिकामे कंटेनर ठेवायच्या डेपोवर नेला तर जागा नाही म्हणून परत पाठवतात. दोघांचंही ऐकून घे, लगेच निवाडा करू नकोस.

माझ्या पहिल्या परिषदेत मी नुसती व्हिजिटिंग कार्डं गोळा केली. महिन्याभराने एकही चेहरा आठवेना. लक्षात राहिला तो चहाच्या रांगेत भेटलेला एक यार्ड प्लॅनर, म्हणजे बंदराच्या यार्डात कंटेनर कुठे रचायचे ते ठरवणारा. आमचा माल वेळेआधी पोचूनही लोडिंगला का रखडतो, असं मी जरा तक्रारीच्या सुरातच विचारलं. त्याने कागदी रुमालावर एकावर एक चार चौकोन काढले. जड कंटेनर जहाजात तळाशी जातो, म्हणजे आधी चढतो. म्हणून यार्डात तो वर हवा. आम्ही वजन अंदाजाने कळवायचो, त्यामुळे आमचा जड डबा हलक्यांच्या ढिगात खाली जायचा, आणि तो काढायला वरचे तीन हलवावे लागायचे. चूक आमचीच होती! पुढे १ जुलै २०१६ पासून प्रमाणित वजन, व्हीजीएम, बंधनकारक झालं, तेव्हा त्यामागचं कारण मला कुणी समजवावं लागलं नाही.

पडद्यावर ‘एव्हर गिव्हन’चा फोटो येईलच. २०२१च्या मार्चमध्ये ४०० मीटरचं ते जहाज सुएझमध्ये सहा दिवस आडवं अडकलं, हे सगळ्यांना पाठ आहे. कालवा मोकळा झाल्यावर तुंबलेली जहाजं एकदम बंदरांवर आली, तेव्हा बर्थ, म्हणजे धक्क्याला जहाज लावायची जागा, कुणाला आधी दिला आणि कशाच्या आधारावर, हे एखाद्या टर्मिनलवाल्याला विचार. मंचावर नव्हे, जेवणाच्या टेबलावर.

कार्ड घेतलंस की त्याच्या पाठीवर तो माणूस काय म्हणाला ते दोन शब्दांत लिही, त्याच रात्री. आणि परतल्यावर डिटेन्शनची किती उत्तरं मिळाली, ते मला कळव. माझ्याकडे आजवर पाच जमली आहेत.

तुझा,
काका