सड्यावरच्या कीटकभक्षी वनस्पती: प्रकल्प उन्हाळ्यात नको, पावसात कर

एप्रिल-मे मोकळे आहेत, तेवढ्यात गोव्यातल्या पेडण्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कीटकभक्षी वनस्पतींचा अभ्यास होईल का, असं तू विचारलं आहेस. नाही होणार. अमेरिकेतल्या दलदलीत घटपर्णी (सुरईसारख्या पानात किडे पकडणारी झाडं) उन्हाळ्यातच जोमात असतात, म्हणून तिकडचे विद्यार्थी सुट्टीत हे काम उरकतात. आपला सडा मे महिन्यात करपलेला असतो आणि दवबिंदू या चिकट पानांच्या कीटकभक्षी झाडाचं नुसतं बी मातीत पडून असतं. खरा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. तेव्हा सुट्टीत जागा हेर, जमिनीच्या मालकाची किंवा कोमुनिदादीची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) परवानगी काढ, आणि निरीक्षणं पावसात, दर रविवारी कर. अभयारण्यात जाणार असशील तर वनखात्याची लेखी परवानगी हवीच आणि तिला वेळ लागतो.

विषय मात्र लहान घे. 'गोव्यातल्या सगळ्या जाती' हा पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारा विषय नव्हे. मी तुझ्या जागी असते तर एकच प्रश्न घेतला असता: उघड्या जांभ्यावरचा गवती दवबिंदू जास्त किडे धरतो, की गवतात दडलेला? दोन्हीकडची ठरावीक झाडं काडी रोवून खुणावून ठेव आणि भिंगातून प्रत्येक पानावरचे किडे मोज. पान जवळून बघशील तर प्रत्येक लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब दिसेल. चिलटाचा एक पंख चिकटला की ते धडपडतं, त्या धडपडीत शेजारच्या केसांना लागतं आणि जास्तच अडकतं. मग केस हळूहळू आत वळतात. पाऊस धो धो झाला की किडे धुऊन जातात, म्हणून आदल्या रात्रीचा पाऊस वहीत टिपलाच पाहिजे. तो नसेल तर सगळे आकडे फसवे. जांभ्यावरच्या पातळ मातीत नत्र-स्फुरद अगदी कमी. ती उणीव झाड किड्यांवर भागवतं, म्हणून या मोजणीला अर्थ आहे.

सीतेची आसवं ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती (युट्रिक्युलेरिया). ती चतुर्थीच्या सुमारास सडाभर निळीजांभळी फुलतात आणि मोह होतो. पण त्यांचे सापळे मातीखाली, जेमतेम मिलिमीटरभराचे. सापळ्याचं दार उघडून भक्ष्य आत ओढलं जातं ते एका मिलिसेकंदाच्याही आत. साध्या भिंगानं इथे भागत नाही. अंगठ्याएवढी ओली माती बशीत हलकेच धुऊन कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघ, पण तेवढंच. रोपं उपटून गठ्ठे करू नकोस. मोप्याचा सडा विमानतळाखाली गेला, उरलेले सडे जपायला हवेत.

ओळख पटवायला एम. के. जनार्दनम आणि ए. एन. हेन्री यांचं १९९२चं भारतीय युट्रिक्युलेरियांवरचं काम तुमच्या विभागाच्या ग्रंथालयात शोध. फुलाचा फोटो समोरून काढ, तसाच बाजूनंही, म्हणजे मागची टोकदार शेपटी दिसेल. फळं पिकली की थोडं बी कागदी पाकिटात ठेव. बऱ्याच जाती बियांवरूनच वेगळ्या करता येतात.