प्रोटीन सी कमी असल्यास तेच प्रोटीन बाहेरून देता येते का?
नौपाड्यातील आपल्या बहिणीच्या पायातील शिरेत गुठळी झाली, तपासणीत प्रोटीन सी (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे शरीरातील प्रथिन) कमी आढळले, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांऐवजी हेच प्रोटीन का देत नाहीत, असे आपण विचारले आहे. प्रोटीन सीचे इंजेक्शन उपलब्ध आहे. मात्र ते मुख्यतः जन्मजात तीव्र कमतरतेसाठी, विशेषतः नवजात बालकांसाठी वापरतात, कारण शरीरातील त्याचे प्रमाण काही तासांतच निम्म्यावर येते आणि ते शिरेतून वारंवार द्यावे लागते. अँटिथ्रॉम्बिन या गुठळ्या रोखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचेही इंजेक्शन असते व ते शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणाच्या वेळी देतात. २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले असे एक औषध तर जनुकबदल केलेल्या शेळ्यांच्या दुधातून काढलेले होते. प्रोटीन एस हे तसेच तिसरे प्रथिन कमी असल्यास गरजेला गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) देतात. सौम्य कमतरतेत गुठळीवर हेपरिन (रक्त पातळ करणारे इंजेक्शन) आणि नंतर गोळ्या हेच नेहमीचे उपचार आहेत.

माझ्या मते आधी तपासणीची वेळ पाहावी. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, तसेच गुठळी ताजी असताना प्रोटीन सी एरवीही कमी दिसू शकते, म्हणून रक्त कधी घेतले होते हे रक्तविकारतज्ज्ञांना सांगून फेरतपासणीबद्दल विचारावे. मात्र त्यासाठी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.