माल आपल्या शेडमधला

चि.,

सरकारी खरेदीच्या बिडमध्ये, म्हणजे निविदेत, 'उत्पादक' म्हणून घुसलेल्या त्या व्यापाऱ्याविरुद्धचा तुझा साडेचार पानी तक्रार-अर्ज वाचला. 'अन्याय' हा शब्द त्यात नऊ वेळा आहे आणि बिड क्रमांक एकदाही नाही. तो दोष किरकोळ, अर्ध्या तासात निघेल. मला झोप लागू दिली नाही ती खालच्या ओळीनं : "काकू, मागच्या ऑर्डरीत आपणही वीस रॅक बाहेरून घेतले होते. ते काही निघणार नाही ना?"

निघेल.

तुझी चीड मला कळते. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा वाटा ठेवलाय, आज तो वर्षाच्या खरेदीच्या किमान 25 टक्के आहे. सगळ्यात कमी दर मोठ्या कंपनीचा निघाला आणि आपला त्याच्यावर 15 टक्क्यांच्या आत असला, तर तिच्या दराला येऊन ऑर्डरचा हिस्सा घेता येतो. असे दोघंतिघं असले तर तो वाटून मिळतो. पण हे सगळं माल बनवणाऱ्यासाठी आणि सेवा देणाऱ्यासाठी. घेऊन विकणाऱ्यासाठी नाही. 2021 पासून व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मिळते खरी, पण ती बँकेच्या कर्जापुरती. तुझ्या त्या व्यापाऱ्याकडे ना पत्रा कापायचं शिअरिंग मशीन, ना पत्रा वाकवायचा प्रेस ब्रेक. एक गोडाऊन आणि शटरपुढं एक कुत्रं, हे मीही पाहिलंय. उद्यमवर मात्र 'उत्पादन' लिहिलंय. लिहायला काय जातंय, स्वयंघोषणाच ती, कागद कुणी जोडायला सांगत नाही. त्यानं हिस्सा उचलला, तुझा तेवढा कमी झाला. तक्रार रास्त आहे.

पण तुझे वीस रॅक कुणाच्या शेडमध्ये बनले?

2014 साली ऐन दिवाळीच्या तोंडावर आमची पावडर कोटिंगची भट्टी बंद पडली. शंभर लॉकरची ऑर्डर, उशिराला दर आठवड्याला अर्धा टक्का दंड, आणि बावीस माणसांचा बोनस द्यायचा, त्यात तुझ्या बाबांचाही. यांनी एका व्यापाऱ्याकडून चाळीस लॉकर आणले, आम्ही त्यावर आमची नेमप्लेट रिव्हेट केली. तपासणी पास, बिल पास. यांचं नाव पुढं करण्यात अर्थ नाही, मालाच्या चलनावर सही माझी होती.

दोन वर्षांनी तोच व्यापारी 'उत्पादक' म्हणून आमच्यासमोर बिडमध्ये उभा. मी अर्ज लिहिला, दोनच पानांचा, आजही सांगते, चांगला होता. सांगलीच्या पोस्टात रजिस्टरच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला आणि मी पाच-पाच रुपयांची तिकिटं घेऊन परत आले. आमच्या चाळीस लॉकरचं बिल त्याच्या फायलीत होतं.

तू म्हणशील, दिवाळीला बोनस मिळाला ना? मिळाला. बावीस घरांत मिळाला, आणि भट्टी काही मी मुद्दाम बंद पाडली नव्हती. मुदतवाढ मागायचं सुचलं नाही, असं लिहिणार होते. पण सुचलं होतं. मागितली तर नाव खराब होईल असं वाटलं. कुठलं नाव, ते मला आजवर सांगता आलेलं नाही. माल आपल्या शेडमधला नसला की तक्रार घशातच राहते, एवढं मात्र त्या रांगेत कळलं.

निनावी अर्जाचं तू विचारलंस ते पुन्हा विचारू नकोस. निनावी तक्रारीवर कारवाई करू नये असंच केंद्रीय दक्षता आयोगाचं धोरण आहे. आणि असतं कुणी दखल घेणारं, तरी मी तुला नाव लिहायला लावलं असतं.

काळ्या यादीची भीती : खरेदीत खोटेपणा केला असं ठरलं तर सरकारी खातं दोन वर्षांपर्यंत बंदी घालू शकतं, पण म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाही. ही भीती त्या व्यापाऱ्याला असायला हवी होती. तुला का आहे? वीस रॅकमुळं. म्हणून म्हणते, माल आपल्या शेडमधला.

अडकलेल्या पेमेंटचं वेगळं. तो बाबू तोंडानं म्हणतो रंग नीट नाही, आणि तू चार महिने फोन करत बसलास! एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारला असंच धरतात. करारात पैसे द्यायची मुदत काहीही लिहिलेली असो, 45 दिवसांपलीकडं जात नाही. पुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीनं. थकलेल्या पैशाची तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी समाधान पोर्टल 2017 साली निघालं. ऑनलाइन तक्रारीवरून प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडं जातं. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खात्याला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून पुष्कळदा तिथंच मिटतं. संबंध बिघडतील म्हणतोस? चार महिने पैसे न देणाऱ्याशी तुझे कसले संबंध आहेत रे? फक्त समोरचा वकील आधी तुझी पत्र्याची खरेदी बिलं मागेल. एवढा पत्रा नाही घेतला तर एवढे रॅक कशाचे केले, म्हणेल. आलास ना फिरून तिथंच?

मग करायचं काय. तक्रारीच्या आधी खात्याला पत्र : अमुक चलनातले वीस रॅक आमच्या शेडमध्ये बनलेले नाहीत, ते आमच्या खर्चानं बदलून देतो. हो, धोका आहे. दंड होईल, कदाचित बंदीही. मी स्वतः हे केलेलं नाही, तेव्हा तुला सांगायचा मला हक्क आहे की नाही ते तू ठरव. पण ते पत्र गेल्याशिवाय मी तुझ्या अर्जाला हात लावणार नाही.

रविवारी सकाळी ये. पत्र्याची बिलं, वीजबिलं, गेट रजिस्टर आणि त्या वीस रॅकचं बिल आण. बाबांना सोबत घेऊन ये. त्या चाळीस लॉकरवर नेमप्लेटी त्यांनीच मारल्या होत्या.

काकू