इलेक्ट्रिक गिटारसाठी पहिलं पेडल कोणतं घ्यावं आणि पेडल्स कोणत्या क्रमाने जोडावीत?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर इलेक्ट्रिक गिटार वाजवताय, आता पेडल्स (गिटार आणि ॲम्पच्या मधे जोडून पायाने चालू-बंद करायच्या, आवाज बदलणाऱ्या पेट्या) घ्यायची आहेत. पहिलं कोणतं, चार-पाच एकदम घ्यावीत का आणि क्रम काय ठेवावा. क्रमाचं खाली सांगतो. खरा गोंधळ निवडीत होतो, म्हणून आधी त्याबद्दल.

माझ्या मते पहिलं पेडल ट्यूनर, दुसरं ओव्हरड्राइव्ह, आणि मग सहा महिने काहीही नाही.

ट्यूनर पहिला, कारण डिस्टॉर्शनमध्ये बेसूरपणा लपत नाही, उलट वाढतो. दोन सूर एकत्र डिस्टॉर्ट झाले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. क्लीन आवाजात जी किंचित उतरलेली तार खपून जाते, तीच डिस्टॉर्शन लावल्यावर अख्खी कॉर्ड खरखरीत करते. खूप जणांना वाटतं आपलं पेडलच खराब आहे, तसं नसतं. शिवाय पायाचा ट्यूनर चालू केला की आवाज बंद होतो, त्यामुळे दोन गाण्यांच्या मधे शांतपणे सुरात येता येतं.

आता ओव्हरड्राइव्ह. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ या तिन्हींत मूळ क्रिया एकच: सिग्नल इतका वाढवायचा की तरंगाचे माथे कापले जातील. ओव्हरड्राइव्ह ते माथे हळूच गोल करतं, डिस्टॉर्शन जास्त कापतं, फझ जवळजवळ चौकोनीच करून टाकतं. याची सुरुवात एका बिघाडातून झाली हे मला फार आवडतं. मार्टी रॉबिन्सचं १९६१ साली आलेलं एक गाणं नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड होत असताना मिक्सिंग कन्सोलमध्ये बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज फाटका आला. तो तसाच ठेवला गेला. पुढे तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनलं आणि १९६२ मध्ये मॅस्ट्रो फझ-टोन नावाने बाजारात आलं.

सुरुवातीला ओव्हरड्राइव्हच का, हे मी चुकून शिकलो. माझं पहिलं पेडल कडक डिस्टॉर्शनचं होतं. घरी बास (खालचे सूर) वर, ट्रेबल (वरचे सूर) वर आणि मिड (मधले सूर) खाली ठेवून वाजवायचो. आवाज भरदार वाटायचा. मग पहिल्यांदा ड्रम आणि बेस गिटारसोबत सरावाला बसलो आणि माझी गिटार कोणालाच ऐकू येईना, मलासुद्धा नाही. मी आवाज वाढवत गेलो, तरी नाहीच. त्या संध्याकाळी खूप वाईट वाटलं होतं. कारण नंतर कळलं: खालचे सूर बेस गिटार आणि बेस ड्रम व्यापतात, वरची जागा झांजा घेतात, आणि गिटारची जागा मधे असते. तीच मी नॉब फिरवून रिकामी केली होती. घरी फसायला होतं कारण कमी आवाजात आपल्या कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवतो. बँडच्या आवाजात त्याची गरज नसते.

पेडल निवडताना म्हणून 'याचे मिड कसे आहेत?' हा प्रश्न आधी विचारा. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्हच्या घराण्यातली पेडल्स बास थोडा कापतात आणि साधारण ७०० हर्ट्झच्या आसपास आवाज उचलतात. त्यामुळे गिटार गर्दीतून पुढे येते. याउलट १९६९ पासूनचं बिग मफ (फझ) किंवा १९७८ पासूनचं बॉस डीएस-१ (डिस्टॉर्शन) यांच्या टोन नॉबच्या रचनेतच मधला भाग दबलेला असतो. दोन्ही सुंदर पेडल्स आहेत, पण ती कुठे वाजणार हे आधी ठरवा.

पेडल आणल्यावर पहिल्या दिवशी हे करून बघा. ड्राइव्ह शून्यावर, टोन मधे, आणि लेव्हल इतकी की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज सारखाच राहील. आता ड्राइव्ह थोडा थोडा वाढवा आणि जोरात वाजवल्यावर आवाज जिथे नुकता फाटायला लागेल तिथे थांबा. मग पेडलला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणा. आवाज निवळेल. हातातला एक नॉब आणि बोटांचा जोर यांवर क्लीनपासून फाटक्यापर्यंत जाता येतं, हे एकदा बोटांत बसलं की निम्म्या पेडल्सची गरजच उरत नाही. ही गोष्ट मला कोणी सुरुवातीला सांगायला हवी होती. ॲम्प ट्यूबचा (ट्रान्झिस्टरऐवजी व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) असेल तर उलटंही करून बघा: ड्राइव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल पूर्ण वर. पेडल फारसं फाटत नाही, पण ॲम्पला ढकलतं आणि तो स्वतःच फाटतो.

क्रमाचं आता. नेहमीचा क्रम असा: वा (पायाने हलवून 'वाऽ' असा आवाज काढणारं), मग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, मग कोरस-फेझर (आवाजाला लहर देणारी), मग डिले (प्रतिध्वनी), शेवटी रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा). यामागे एक साधं कारण आहे: प्रत्येक पेडल आधीच्या सगळ्या आवाजावर काम करतं. फाटलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी स्वच्छ ऐकू येतो. प्रतिध्वनी फाडला तर सगळे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणूनच डिस्टॉर्शन ॲम्पच्या प्रीॲम्पमधून (त्याच्या पहिल्या टप्प्यातून) घेत असाल तर डिले आणि रिव्हर्ब ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्पनंतर पेडल्स जोडायच्या जागी) लावा. बाकी क्रम उलटा करून बघायला काहीच हरकत नाही, काही तुटत नाही.

फझचा अपवाद मात्र लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या फझ फेससारख्या सर्किटला गिटारचं पिकअप (तारांचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारा भाग) थेट समोर लागतं. मधे बफर (सिग्नलला पुढे दम देणारं छोटं सर्किट) असलेलं पेडल आलं, मग तो ट्यूनर का असेना, की आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून निवळण्याची मजा जाते. फझ सगळ्यात पुढे, ट्यूनर त्याच्या मागे.

पण म्हणून बफर वाईट नाही. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. सगळी पेडल्स ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणारी) असतील तर ६ मीटरची एक केबल, पुढे तेवढीच दुसरी आणि मधल्या पॅच केबल्स असं सगळं ओझं पिकअपवर पडतं आणि ट्रेबल मंदावतो. साखळीत एक चांगला बफर असला की हा प्रश्न सुटतो.

विजेकडे बहुतेक जण शेवटी बघतात. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी आणि मधली पिन निगेटिव्ह लागते, पण प्रत्येकावरची खूण वाचा. काही जर्मेनियम फझ उलट ध्रुवतेवर चालतात. ॲनालॉग ओव्हरड्राइव्हला १० मिलीअँपिअरच्या आसपास पुरतात, डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला १०० ते ३०० लागू शकतात. अडॅप्टरची मिलीअँपिअर क्षमता जास्त असली तरी चालते, पेडल हवं तेवढंच घेतं. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत. मी बरेच दिवस एकाच अडॅप्टरवरून फाटे काढून सगळी पेडल्स चालवत होतो आणि मागे एक बारीक शिट्टीसारखा आवाज कायम असायचा. केबल बदलल्या, गिटार उघडली. शेवटी कळलं की डिजिटल डिलेचा गोंगाट त्या सामाईक वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरत होता, आणि ते तो आणखी मोठा करत होतं. प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय लावला, त्याच क्षणी शांतता.

डिले घ्याल तेव्हा एक हिशोब उपयोगी पडतो: ६०,००० भागिले टेम्पो. १२० च्या टेम्पोला एक मात्रा ५०० मिलीसेकंदांची; त्याची पाऊणपट, म्हणजे ३७५ वर ठेवलं की सरळ वाजवलेल्या आठव्या सुरांमध्ये (एका मात्रेत दोन सूर) प्रतिध्वनी बरोबर बसतात.

चार-पाच एकदम घ्यायचा विचार वेगवेगळे इफेक्ट चाखून बघण्यासाठी असेल, तर त्यापेक्षा एक साधं मल्टिइफेक्ट (एकाच पेटीत अनेक इफेक्ट) घ्या. फेझर आणि फ्लँजरमधला फरक कानाला कळण्यासाठी त्याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. दोन महिन्यांत कोणते दोन-तीन इफेक्ट पुन्हा पुन्हा चालू होतात ते बघा आणि तेवढेच वेगळे घ्या.

तुमचा ॲम्प ट्यूबचा आहे की ट्रान्झिस्टरचा, आणि गिटारला सिंगल कॉइल पिकअप आहेत की हंबकर (दोन कॉइलचे), हे लिहाल का? हंबकरचे मिड आधीच दाट असतात, त्यावर ट्यूब स्क्रीमर कधीकधी कोंदट होतो. तसं असेल तर ओव्हरड्राइव्ह कोणतं यावर माझं उत्तर बदलेल.