मराठवाड्यातील कोरडवाहू रानासाठी सोयाबीन आणि तुरीचे वाण कसे निवडावेत?

औसा तालुक्यातील आपल्या 14 एकर वडिलोपार्जित कोरडवाहू जमिनीत यंदापासून व्यावसायिक पद्धतीने शेती करायची असून, सोयाबीन आणि तुरीचा सर्वांत जास्त उतारा (एकरी उत्पादन) देणारा वाण कोणता आणि सगळ्या क्षेत्रावर एकच वाण घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी शेजारच्याच तालुक्यात 22 वर्षांपासून हीच पिके घेतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम नकारार्थी आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मला आपल्या रानाची खोली विचारावी लागेल, कारण तेवढ्या माहितीवाचून कोणत्याही वाणाचे नाव सुचवणे म्हणजे आपले नुकसान करणे आहे.

आपल्या भागात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. अडचण एकूण पावसाची नसून मधल्या खंडांची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये 15 ते 20 दिवस आभाळ कोरडे राहणे आपल्याकडे नेहमीचे आहे आणि त्या दिवसांत पीक केवळ जमिनीत साठलेल्या ओलीवर तगते. तीन फूट खोल काळी जमीन हा खंड सहज पेलते, तर एक फुटाखाली मुरूम लागणाऱ्या रानात आठवड्याभरातच पिकाची पाने दुपारी माना टाकू लागतात. म्हणून उन्हाळ्यातच पहार घेऊन प्रत्येक रानात तीन ठिकाणी खड्डे घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते लिहून ठेवा. एकाच गटात वरच्या अंगाला बरड (हलकी, मुरमाड) आणि ओढ्याच्या अंगाला काळी जमीन असणे हे आपल्याकडे अगदी सामान्य आहे, तेव्हा सातबाऱ्यावरचा एक गट म्हणजे एक रान असे समजू नका.

मी स्वतः हे नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी दुसऱ्याच्या खोल काळ्या रानातले भरघोस पीक पाहून मी माझ्या सर्व 9 एकरांवर उशिरा येणारा सोयाबीनचा वाण पेरला. ओढ्याकाठी तो खरोखरच उत्तम आला. वरच्या साडेतीन एकर मुरमाड रानात मात्र शेंगांत दाणे भरण्याच्या वेळी पावसाने तीन आठवडे ओढ दिली आणि दाणे ज्वारीएवढेच राहिले. दहा दिवस आधी येणारा वाण तिथे असता, तर निम्मे तरी पीक पदरात पडले असते. त्या वाणात काही दोष नव्हता, त्याच्या मुदतीपुरती ओल धरणारे रान मी त्याला दिले नव्हते.

सोयाबीनच्या वाणांची नावे पाहिली, तर त्यांतली अक्षरेच पुष्कळ काही सांगतात. ‘जेएस’ म्हणजे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे जवाहर सोयाबीन, ‘एमएयूएस’ म्हणजे आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सोयाबीन आणि ‘केडीएस’ म्हणजे सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राचे. हे जाणून घेणे उपयोगाचे आहे, कारण वाण जिथे तयार होतो तिथल्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवूनच त्याची निवड झालेली असते. केडीएस 726, म्हणजे फुले संगम, या वाणाचे मोठे मोल तांबेरा (पानांवर तांबूस ठिपके आणणारा बुरशीजन्य रोग) सहन करण्यात आहे आणि सांगली-कोल्हापूरकडे तांबेरा हेच मोठे संकट असते. आपल्याकडे पीक जाते ते पाण्याच्या खंडामुळे, खोडमाशी आणि चक्रीभुंगा या खोड पोखरणाऱ्या किडींमुळे, पिवळ्या मोझॅकमुळे (पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पाने पिवळी करणारा विषाणूजन्य रोग) आणि काढणीच्या वेळच्या पावसामुळे. फुले संगमचे दाणे टपोरे असतात आणि खोल, ओल धरणाऱ्या रानात तो भरपूर उतारा देतो, पण त्याला साधारण 105 दिवस लागतात. हलक्या रानात मी जेएस 9305 पेरतो, जो साधारण 90 दिवसांत निघतो. मध्यम रानासाठी एमएयूएस 71, एमएयूएस 158 किंवा एमएयूएस 612 यांपैकी जे खात्रीचे मिळेल ते घ्यावे. यंत्राने काढणी करायची असल्यास एमएयूएस 162 चा विचार करावा, कारण तो सरळ उभा वाढतो आणि त्याच्या शेंगा जमिनीपासून वर लागतात. 1994 मध्ये प्रसारित झालेला जेएस 335 अजूनही पुष्कळ जण लावतात. त्याने मराठवाड्यात सोयाबीन रुजवले याबद्दल मला आदर आहे, परंतु त्याच्या नावाने विकले जाणारे बियाणे आता शुद्ध मिळेलच असे सांगता येत नाही.

दोन वेगवेगळ्या मुदतींचे वाण ठेवण्याचे आणखी एक कारण काढणीचा पाऊस हे आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या जिल्ह्यांत हाती आलेले पीक पाण्यात गेले. सगळे क्षेत्र एकाच आठवड्यात पक्व झाले, तर मजूरही मिळत नाहीत आणि पावसापासून वाचवण्यासारखे काही उरत नाही.

तुरीबाबत आपण भाग्यवान आहोत, कारण जालना जिल्ह्यातील बदनापूरचे संशोधन केंद्र आपल्याच मातीत काम करते. तुरीचे खरे शत्रू मर (झाड उभे वाळते) आणि वांझ (झाडाला फुले-शेंगा धरत नाहीत) हे दोन रोग आहेत, तेव्हा या दोन्हींना दाद न देणारा वाण नसेल तर त्याच्या उताऱ्याची चर्चाच करू नये. बीडीएन 711 ही पांढरी तूर 150 ते 155 दिवसांत येते आणि मध्यम रानात थंडी वाढण्याआधी, ओल संपण्याआधी घरात येते. बीडीएन 716 ही लाल तूर 165 ते 170 दिवसांची आहे. बीएसएमआर 736 हीसुद्धा लाल असून तिला सुमारे 180 दिवस लागतात, म्हणून ती केवळ खोल काळ्या रानात किंवा फुलोऱ्याच्या वेळी एक पाणी देण्याची सोय असेल तिथेच घ्यावी. गोदावरी या नावाची नवी पांढरी तूर 160 ते 165 दिवसांत येते आणि पाण्याला चांगला प्रतिसाद देते. पांढरी की लाल, हे ठरवण्याआधी लातूरच्या बाजारात दोन-चार वेळा जाऊन सौदे स्वतः पाहावेत.

आपल्या 14 एकरांत मी केवळ सोयाबीन घेण्याऐवजी मध्यम रानात सोयाबीनच्या चार आणि तुरीच्या दोन ओळी असे आंतरपीक घेईन. सोयाबीन निघाल्यावर तुरीला मोकळी हवा आणि जागा मिळते, आणि पावसाने एका पिकाला दगा दिला तरी दुसरे हाती राहते.

वाण ठरला, तरी बियाणे खरे असल्याची खात्री वेगळी करावी लागते. खरीप 2020 मध्ये सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी मराठवाडाभर आल्या होत्या. त्यात माझ्याही चार एकरांवर दुबार पेरणीची वेळ आली. पिशवीवरची छापील उगवणशक्ती मी प्रमाण मानली, ही माझी चूक होती. तेव्हापासून पेरणीआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे मोजून ठेवायचे आणि सात-आठ दिवसांनी मोड आलेले दाणे मोजायचे, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. 70 किंवा त्याहून अधिक दाणे उगवले, तरच एकरी 30 किलोचे प्रमाण ठेवावे, थोडे कमी असतील तर बियाणे वाढवावे आणि फारच कमी असतील तर ते पेरू नये. पिशवीची खूणचिठ्ठीही वाचावी: पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी आणि सत्यप्रत (कंपनीने स्वतःच्या हमीवर विकलेल्या) बियाण्याला हिरवी असते. सोयाबीन स्वपरागीत असल्यामुळे चांगले बियाणे एकदा आणले की तीन वर्षे घरचेच वापरता येते. मात्र त्याची मळणी यंत्राच्या कमी फेऱ्यांवर करावी आणि पोत्यांची उंच थप्पी लावू नये, कारण सोयाबीनच्या दाण्याचे आवरण अतिशय नाजूक असते.

पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वाफसा (जमीन ओलसर पण चिखल नसलेली स्थिती) आल्यावरच करावी. पहिल्या सरीवर घाई केलेले शेतकरी मी दर वर्षी दुसऱ्यांदा दुकानात उभे राहिलेले पाहतो. बियाणे 3 ते 5 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम (हवेतील नत्र मुळांत साठवणारे जिवाणू खत) हा क्रम पाळावा. शक्य असेल तर रुंद वरंबा सरी पद्धतीने (रुंद वरंब्यावर पीक आणि दोन वरंब्यांमध्ये सरी) पेरावे: पावसाचा खंड पडला तर सरीत मुरलेले पाणी उपयोगी पडते आणि अतिवृष्टीत तीच सरी जास्तीचे पाणी बाहेर काढते. आमच्या चिबड (पाणी साचून राहणाऱ्या) रानात या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा कोणत्याही नव्या वाणाने पडलेला नाही.

खतांबाबत थोडक्यात सांगायचे, तर सोयाबीनला हेक्टरी 30:60:30 (किलो नत्र, स्फुरद आणि पालाश) ही मात्रा आहे. एकराच्या हिशेबाने सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या, 25 किलो युरिया आणि 20 किलो पोटॅश एवढ्यात ती बसते, शिवाय सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते. चुनखडीच्या रानात कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता असते. तिला पिवळा मोझॅक समजून कीटकनाशकावर पैसे घालवू नका.

परभणीचे विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झाले आणि त्या दिवशी दर वर्षी तिथे खरीप मेळावा भरतो, जिथे विद्यापीठाचे बियाणेही विक्रीला असते. खड्ड्यांची नोंद घेऊन तिथे जा आणि ज्या वाणाचे बियाणे घ्याल, तो किती खोलीच्या जमिनीसाठी आहे हे तिथल्या शास्त्रज्ञांना विचारा. पहिल्या वर्षी सोयाबीनचे दोन आणि तुरीचा एक, एवढेच वाण घ्यावेत. प्रत्येक रानाची मळणी वेगळी करून पोती वेगळी मोजावीत, म्हणजे पुढच्या मे महिन्यात आपल्या स्वतःच्या रानांचा उतारा आपल्याजवळ लिहिलेला असेल.