वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. सध्या चालू असलेल्या संशोधनाचा आम्हाला पुण्यात बसून काही उपयोग होईल का?

तुम्ही लिहिलंय की वडील 61 वर्षांचे आहेत, कावीळ झाली म्हणून दाखवायला नेलं आणि सीटीमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. बायोप्सी झाली आहे, पुढच्या आठवड्यात केमो सुरू होणार आहे. लस, नवीन गोळ्या असं बरंच वाचून, यातलं आपल्या कामाचं काय हे कळेनासं झालंय.

मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 19 वर्षं टेक्निशियन आहे, हिस्टोपॅथॉलॉजी विभागात. पेशंट मला दिसत नाहीत, त्यांच्या गाठींचे तुकडे दिसतात. म्हणून माझं उत्तरही त्या तुकड्यापासूनच सुरू होतं. वडिलांच्या बायोप्सीचा ब्लॉक कुठे आहे आणि त्यात किती टिश्यू उरला आहे, हे आधी विचारा.

सांगते का ते. दुर्बिणीतून सुई घालून काढलेला स्वादुपिंडाचा नमुना आमच्याकडे फॉर्मालिनच्या छोट्या डबीत येतो. शेवईचा मोडलेला तुकडा असावा, एवढाच. पांढुरका, कडेला थोडं रक्त. त्यावर प्रक्रिया करून तो मेणात बसवतात, तो झाला ब्लॉक. मग मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर त्याचे 4 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे. दुधावरच्या सायीपेक्षा कितीतरी पातळ अशी मेणाची फीत सुटत जाते, ती कोमट पाण्यावर सोडायची आणि खालून काच घालून अलगद उचलायची. प्रत्येक कापाबरोबर ब्लॉकमधला टिश्यू कमी होतो. आधीच शेवईएवढा, त्यात निदानासाठी चार-सहा वेगवेगळी स्टेनिंग केली की जनुकांच्या तपासणीला हाताशी काहीच उरत नाही.

या गाठीची आणखी एक अडचण आहे. तिच्यात कॅन्सरच्या पेशी थोड्या आणि भोवतीचं तंतुमय जाळंच जास्त असतं. केमोचं औषध आत नीट पोहोचत नाही, त्याचं एक कारण हे जाळं मानतात. ते विरघळवू पाहणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी 2019 मध्ये अपयशी ठरली. आम्हाला मात्र हे जाळं वेगळ्या तऱ्हेनं छळतं. काप दिसायला मोठा असतो आणि त्यात तपासणीपुरत्या कॅन्सरच्या पेशीच नसतात.

आता संशोधनाकडे येते, कारण बरंचसं याच तुकड्यावर अडलेलं आहे. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये 90 टक्क्यांहून जास्त पेशंटांत केरास नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारं बटण दाबलेलंच अडकून बसावं, तसं. या बटणाला औषध लागू पडणारच नाही असं कित्येक दशकं मानलं जात होतं. 2013 मध्ये अमेरिकेत केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेनं त्याच्या एका प्रकारात, जी12सी मध्ये, औषध बसेल अशी खाच शोधली आणि 2021 मध्ये तिच्यावरचं पहिलं औषध फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी तिथे मंजूर झालं. पण स्वादुपिंडात जी12सी सापडतो शंभरात एखाद-दोघांत. इथे जास्त करून जी12डी आणि जी12व्ही असतात. म्हणून आता केरासचे अनेक प्रकार एकत्र रोखणाऱ्या गोळीकडे सगळ्यांचं लक्ष आहे. तिचं नाव डॅराक्सॉनरॅसिब. केमो घेऊनही आजार पसरलेल्या पेशंटांसाठी जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, तिला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, तपासणीची प्रक्रिया लवकर व्हावी यासाठीची सोय आहे. पण या आजारात इतकी वर्षं असं काही नव्हतंच, त्यामुळे ते वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

लसीबद्दल तुम्ही विचारलंत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये विनोद बालचंद्रन यांच्या गटानं 16 पेशंटांवर ती वापरली. ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठीचे जनुकीय बदल वाचून प्रत्येकाची लस वेगळी बनवली. 8 जणांच्या शरीरानं तिला प्रतिसाद दिला. तीन वर्षांहून जास्त पाठपुराव्यानंतर, 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत, त्या 8 पैकी 2 जणांत आजार परतला होता. प्रतिसाद न आलेल्या 8 पैकी 7 जणांत. आकडे सुंदर आहेत, पण माणसं 16 आहेत. शिवाय हे सगळे ऑपरेशन झालेले पेशंट होते. तुमच्या वडिलांची गाठ काढता येण्यासारखी आहे का, हा प्रश्न लसीच्या आधीचा आहे. तो आताच सर्जनना विचारा, आणि स्वादुपिंडाची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जननाच विचारा.

केमोला 'जुनं' समजू नका. फॉल्फिरिनॉक्स हा चार औषधांचा मेळ पसरलेल्या आजारात जेमसायटाबिन या एकट्या केमोच्या औषधापेक्षा सरस आहे, हे 2011 मध्ये फ्रान्समधल्या चाचणीनं दाखवलं. ऑपरेशननंतर त्याचंच थोडं सौम्य रूप दिलं, तर निम्मे पेशंट जितका काळ जगतात तो काळ 35 महिन्यांवरून 54 महिन्यांवर गेल्याचं 2018 मध्ये दिसलं. सलाइनच्या बाटलीतून आज जे जातं, तेही कालचं संशोधनच आहे.

आता जे सांगायला मी मुळात लिहायला बसले, ते. बीआरसीए.

हे जनुक स्तनाच्या कॅन्सरमुळे लोकांना ऐकून माहीत असतं. स्वादुपिंडाच्या थोड्या पेशंटांतही त्यातला दोष जन्मतःच असतो. 2019 च्या पोलो चाचणीसाठी 3,315 जणांची तपासणी झाली, त्यांत 7.5 टक्के लोकांत तो सापडला. अशा पेशंटांना प्लॅटिनम गटातल्या औषधांची केमो चांगली लागू पडते. त्यानंतर ओलापॅरिब गोळी घेतली तर निम्म्या पेशंटांत आजार वाढायला 7.4 महिने लागले, गोळीविना 3.8. एकूण आयुष्य त्यानं वाढल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण ही तपासणी साध्या रक्तावर होते, तिला ब्लॉकही लागत नाही.

माझ्या धाकट्या दिरांना हा आजार झाला तेव्हा ती कोणी सांगितलीच नाही. बायोप्सीचा ब्लॉक दुसऱ्या लॅबचा होता; मी मागवून घेतला आणि पाहिलं तर नुसतं मेण, टिश्यू संपलेला. आमच्याच धंद्यातल्या कोणीतरी सवयीनं काप काढत गेलं होतं. पुन्हा सुई घालण्याची त्यांची ताकद नव्हती आणि रक्ताची तपासणी मलाही सुचली नाही, तेव्हा मला एवढं कळतच नव्हतं. सात महिन्यांत ते गेले. दीड वर्षानं नणंदेच्या स्तनात गाठ निघाली, तिचं रक्त तपासलं आणि बीआरसीए2 मध्ये दोष निघाला. तो रिपोर्ट भाऊजींच्या फाइलमध्ये असायला हवा होता. आमच्या घरातल्या मुलांना तरी वेळेवर कळलं असतं.

म्हणून वडिलांची रक्ताची जनुक तपासणी केमो सुरू व्हायच्या आधी मागा. दोष निघाला तर तुम्हा भावंडांचीही करावी लागेल.

तुमच्या बाकीच्या नातेवाइकांसाठी एक गोष्ट. सुरेश चारी यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं अभ्यासून दाखवलंय की पन्नाशीनंतर नव्यानं मधुमेह निघालेल्या साधारण शंभरातल्या एकाला पुढच्या तीन वर्षांत हा कॅन्सर सापडतो. म्हणजे नव्याण्णवांना नाही. पण नवीन शुगर आणि त्याच वेळी वजन उतरत चाललंय, असं दोन्ही असेल तर 'शुगरनं बारीक झाले' म्हणून सोडून देऊ नका. घरात हा आजार आहे, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

पुण्यात बसून काय करता येईल? भारतात चालणारी प्रत्येक औषध चाचणी सीटीआरआय या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नोंदवहीत नोंदवावी लागते, 2009 पासून ते सक्तीचं आहे. ती नेटवर कोणालाही बघता येते. 'ट्रायल' म्हणून कोणी काही सुचवलं तर आधी तिचा सीटीआरआय नंबर मागा; नंबर नसेल तर पाऊल पुढे टाकू नका. परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत जरूर घ्या, पण त्यापायी इथली केमो रखडू देऊ नका. आणि दुखणं फार असेल तर वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर लक्षात ठेवा. तिथे मोफत बघतात, आणि शेवटच्या दिवसांतच जायचं असतं असं अजिबात नाही.

जेवणाचं एक विचारून घ्या. तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं शौचाला होत असेल, तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडताहेत. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. त्या जेवून झाल्यावर नाही, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. भाऊजी त्या रात्री झोपताना घ्यायचे, कोणी सांगितलंच नव्हतं. वेळ बदलल्यावर दोन आठवड्यांत त्यांना वरण-भात पचायला लागला होता.

दुसऱ्या मतासाठी ब्लॉक ताब्यात घेताना त्यावर कोरलेला नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो का, ते तिथेच उभं राहून बघा. सही करून घ्या, पावती जपा. मुंबईला न्यायचा असेल तर पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस पकडा आणि तो हातातल्या पिशवीत ठेवा. गाडीनं जाणार असाल तर डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात मेण वितळतं.